आमचे मायबाप घरी आहेत

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली की आरोग्याच्या चार गोष्टी बोलायच्या, अशी पद्धत आम्ही काही वर्षांपासून पाडली आहे. मागच्या महिन्यात एमएसडब्ल्यू करणाऱ्या एका मुलीने हात वर केला. तिच्या पुस्तकात एक इंग्रजी शब्द आला होता, पॅटर्नलिझम. "ताई, याला मराठीत काय म्हणायचं? सरांनी पालकत्ववाद असं लिहून दिलं, पण डोक्यात शिरलं नाही." आम्हीही अडखळलो. मग जमेल तसे सांगितले, की समोरचा माणूस मोठा आहे, जाणता आहे, तरी त्याला लेकरू समजायचे आणि त्याच्या भल्याचा निर्णय त्याला न विचारता आपणच घेऊन टाकायचा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मंग ते मायबापगिरी झाली न जी."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटले, इतका नेमका शब्द कुठल्या कोशात सापडायचा नाही. या लेखात आम्ही तोच वापरणार आहोत.

त्या मुलीचा आणखी एक घोळ होता, तो आधी दूर करू. पितृसत्ता म्हणजे मायबापगिरी नव्हे. पितृसत्तेत पुरुष वरचा आणि बाई खालची, हे ठरलेलेच असते. मायबापगिरी बाईही करते, सासूही करते, नर्स तर हमखास करते. तिची खूण एवढीच, की समोरचा माणूस सज्ञान असतो, करणाऱ्याच्या तोंडी 'तुझ्याच भल्यासाठी' हे शब्द असतात, आणि विचारलेले मात्र नसते. नुसते लुबाडणे असेल तर ती लूट आहे, तिला वेगळे नाव नको. लुटणाऱ्याशी भांडता येते. मायबापगिरी करणारा पुष्कळदा मनापासून आपले भले इच्छितो, म्हणून त्याच्याशी भांडताना आपलीच जीभ अडखळते. एवढे केले त्यांनी आपल्यासाठी, त्यांना उलट कसे बोलायचे?

हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. आपले आजे-पणजे पाटलाच्या वाड्यासमोर वाकून जोहार घालायचे, तेव्हा समोरच्याला मायबापच म्हणावे लागायचे. शिळी भाकर देणारा मायबाप, आणि वेठीला धरून नेणाराही मायबाप. तो जोहार आपण टाकला. आपल्या कामठीच्या बाबू हरदास यांनी 'जय भीम' रुजवला आणि कंबर सरळ झाली. पण दवाखान्याच्या ओपीडीत रांगेत उभे राहून बघा. विहारात ताठ मानेने जय भीम म्हणणारा आपलाच माणूस तिथे डॉक्टरांच्या टेबलाजवळ गेला की हात जोडून म्हणतो, "साहेब, तुमीच आमचे मायबाप, तुमाले बरं वाटल ते करा." आम्ही पंधरा वर्षे वॉर्डात काढली. हे वाक्य किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते ऐकून बरे वाटायचे.

भल्याच्या नावाने होणारा हा प्रकार बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था उभी राहिली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. (लोक त्यांना ठक्कर बाप्पा म्हणत. नावातच बाप होता.) बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मंडळावर होते. त्या नोव्हेंबरात बोटीने विलायतेला जाताना त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की अस्पृश्य माणसाला एकेकट्याने सद्गुणी बनवत बसू नका, विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या हक्कासाठी झगडा, कामधंद्याची दारे उघडा. त्या पत्राला उत्तर आले नाही. पुढे अस्पृश्यांच्या वतीने मागणी झाली, की संघाच्या कारभारात आमची माणसे घ्या. गांधीजींचे म्हणणे पडले, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा ते त्यांनीच करायचे. म्हणजे वसतिगृह आमच्यासाठी, शिष्यवृत्ती आमच्यासाठी, आणि ठरवणार ते. बाबासाहेब त्या संघात राहिले नाहीत. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या दयेची जी चिरफाड केली आहे ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. ते राजकारण होते, आरोग्याचे पान त्यात कशाला, असे कोणी म्हणेल. पण वॉर्डातल्या खाटेजवळ उभे राहिले की प्रश्न तोच असतो. सोय कोणासाठी, आणि ठरवणार कोण?

आता आमच्याच अंगावरची गोष्ट सांगतो. दवाखाना कोणता, याला महत्त्व नाही. आम्ही लेबर रूमला होतो. महिनाअखेर आली की वरून विचारणा व्हायची, तांबी किती बसल्या. बाळंतपण झाले, वार पडली, की लगेच तांबी बसवता येते. वैद्यकदृष्ट्या ती पद्धत चांगली आहे, हे आजही म्हणू. पण नियम असा आहे, की त्याबद्दल बाईशी गरोदरपणातच बोलून ठेवायचे. कळा जोरात सुरू असताना घेतलेला होकार हा होकार नव्हे. आम्ही काय करायचो? टेबलावर ओरडणाऱ्या बाईच्या हातात पेन द्यायचो आणि "इथं सही कर माय, तुझ्याच भल्याचं आहे" म्हणायचो. सही येत नसेल तर अंगठा. तिसरे लेकरू, अंगात रक्त सात ग्रॅम, नवरा दारू पिणारा. आता हिला काय विचारायचे? विचारले तर नाही म्हणेल, आणि वर्षभराने पुन्हा इथेच येईल. हा आमचा हिशेब होता आणि तो आम्हाला दयेचा वाटत होता.

त्यातली एक बाई दीड वर्षाने आमच्या वस्तीतल्या शिबिरात भेटली. अंगावरून जात होते, कंबर दुखत होती. तपासले तर तांबी. तिला ठाऊकच नव्हते. दीड वर्ष ती दुखणे अंगावर काढत होती, बाहेरचे झाले म्हणून कुठेकुठे जाऊन आली होती, नवऱ्याचा मार खाल्ला होता. कोणी बसवली, आम्ही विचारले. ती आमच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सिस्टर, तवा तुमीच तं होत्या."

त्यानंतर नोकरीत मन लागले नाही. नोकरी सोडण्याची इतरही कारणे होती, पण ते वाक्य अजून कानात आहे.

कोणी याचा अर्थ असा लावू नये, की आम्ही कुटुंबनियोजनाच्या विरोधात आहोत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला होता. देशात त्यावर उघड बोलायलाही लोक धजत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. बाईच्या हातात साधन द्या, असा तो आग्रह होता. १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. विषय तोच, उद्देशही वरवर तोच. १९३८ मध्ये बाई मागणार होती, १९७६ मध्ये तिला धरून नेणार होते.

न विचारता भले करण्याची आणखी उदाहरणे फार लांबची नाहीत. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आल्या. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आरडाओरडा केला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. निर्णय घेणारे कोणी राक्षस नव्हते. सुशिक्षित अधिकारी आणि नामवंत डॉक्टर होते, आणि मुलींची त्रासातून सुटका करतो आहोत अशीच त्यांची समजूत होती. जास्तीची आया नेमावी, चांगले न्हाणीघर बांधावे, हे सुचले नाही. पिशवी काढणे सोपे पडले.

बीडचे ऊसतोड कामगार बायांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, पाळीत फडात उभे राहवत नाही, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. इथे भल्याची भाषा आणि पैशाचा धंदा एकमेकांत असे मिसळले होते, की वेगळे काढता येऊ नयेत. त्यावर उपाय काय निघाला? पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्या. धंदेवाईक डॉक्टरांना लगाम बसला, हे चांगलेच झाले. पण बघा, बाईच्या पिशवीला आधी डॉक्टर मायबाप होता, आता साहेब झाला. तिला बसवून तिच्या भाषेत सांगण्याचे काम दोन्हीकडे राहूनच गेले.

कायदा याबाबत काय म्हणतो, ते घराघरात माहीत असायला हवे. दिल्लीची समीरा कोहली नावाची ४४ वर्षांची अविवाहित बाई १९९५ मध्ये पोटात दुर्बीण घालून तपासणी करायला गेली. तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांना आत आजार दिसला. बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भपिशवी व अंडाशय दोन्ही काढून टाकले. डॉक्टरांचे म्हणणे, दुसऱ्यांदा पोट उघडण्याचा त्रास वाचवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला. जीव लगेच धोक्यात नसेल तर सज्ञान, शुद्धीत येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आईलाही होकार देता येत नाही. तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला चालत नाही. डॉक्टरांची फी गेली आणि वर २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण तत्त्व फार मोठे आहे. सख्खी आई चालत नाही, तर डॉक्टर मायबाप कसा चालेल?

याच्याच पुढची गोष्ट. सज्ञान बाईला गर्भपात करून घ्यायचा असेल तर कायद्याने फक्त तिचा होकार लागतो. नसबंदीच्या सरकारी नियमांतही नवऱ्याची सही लागत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. तरी दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "मिस्टर कुठे आहेत?" मिस्टर गवंडीकामाला हैदराबादला असतात आणि बाई परत घरी जाते. २० जुलै १९४२ रोजी आपल्याच नागपुरात अस्पृश्य महिलांची मोठी परिषद भरली. बायकोने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये, असे बाबासाहेबांनी तिथे हजारो बायांना सांगितले. त्या परिषदेला गेलेल्या बायांच्या नाती-पणती आज सहीसाठी नवऱ्याची वाट बघत बाकावर बसतात.

आता आपल्या घरातल्या आजाराकडे येतो, कारण या विषयाचे खरे मूळ नागपुरात तिथेच आहे. सिकलसेल. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या समाजात हा आजार असल्याचे पहिल्यांदा लिहिले. आज वस्तीत असे घर क्वचित, जिथे नात्यागोत्यात कोणी वाहक किंवा रुग्ण नाही. आणि या आजारात मायबापगिरी जितकी चालते तितकी दुसऱ्या कशात चालत नसेल.

गरोदर बाईचे रक्त घेतात, कशासाठी ते सांगत नाहीत. रिपोर्ट आला की सासूला बाजूला बोलावून सांगतात, "तुमच्या सुनेत दोष आहे." झाले! त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक दुखण्याला सून जबाबदार. मुलाचे रक्त तपासा, असे सांगायचे राहून जाते. वास्तविक झटपट केली जाणारी सोल्युबिलिटी टेस्ट फक्त रक्तात सिकलचा अंश आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. ती होण्याआधीच कितीतरी पोरींवर शिक्का बसलेला असतो.

मग येते लग्नाची गोष्ट. भिंतीवर लिहिलेले असते, सिकलसेलग्रस्तांनी आपसात लग्न करू नये. वाक्य आपल्या भल्याचेच आहे, पण त्यात फक्त हुकूम आहे, माहिती नाही. लोक त्याचा अर्थ लावतात, की कार्ड असलेल्या पोरीशी लग्नच नको. म्हणून आईबाप कार्ड पेटीच्या तळाशी दडवतात किंवा फाडून टाकतात. हुकूम दिला की लोक लपवतात. समजावले की विचारायला येतात. तेव्हा समजून घ्या. वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकही लेकरू सिकलसेलचे रुग्ण होत नाही. प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता वाहक होण्याची, निम्मी निरोगी होण्याची. रुग्ण आणि निरोगी यांची सगळी लेकरे वाहक होतात, रुग्ण एकही नाही. दोघे वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण लेकराची, दोन वाहकाची, एक निरोगी लेकराची. पहिले लेकरू रुग्ण झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब नसतो. दर खेपेला फासा नव्याने पडतो. वाहक माणूस आजारी नसतो, तो दुसऱ्यासारखेच काम करतो. हे सगळे चुलीजवळ बसून दहा मिनिटांत सांगता येते. आम्ही सांगून पाहिले आहे. पोरे तर गोट्या मांडून करून दाखवतात.

रुग्णांची गोष्ट तर आणखी वाईट. हाडे फुटल्यासारखी कळ येते तेव्हा सिकलसेलचा पोरगा वॉर्डात लोळतो. त्याला दुखण्याचे इंजेक्शन द्यायला टाळतात. "सवय लागेल, तुझ्याच भल्यासाठी नाही देत." किती दुखते हे त्याला विचारायचे असते, ते आपण ठरवतो. 'नाटकं करतो' असे आम्ही स्वतः ड्यूटीवर म्हटलेले आहे, हे कबूल करतो. कळा कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. ते नियमित घ्यावे लागते, मधून मधून रक्त तपासावे लागते आणि मूल हवे असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलावे लागते. पुष्कळ घरांत त्याचे नावही पोहोचलेले नाही, कारण "या लोकांना जमायचं नाही, तपासणीला येणार नाहीत" असे कोणीतरी आधीच ठरवून टाकलेले असते. न सांगणे हीसुद्धा मायबापगिरीच.

याच्या उलट वाटही याच शहरात निघाली. दिवंगत संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यांनी रुग्णांना आणि त्यांच्या आईबापांना गोळा केले आणि सिकलसेल सोसायटी उभी केली. रडत बसण्याऐवजी ही माणसे सरकारदरबारी जाऊन मागू लागली. अशा मागणीच्या रेट्यानेच २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आला. रामटेके यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत आजार संपवायचा आणि कोट्यवधी लोक तपासायचे असा त्याचा बेत आहे. भर आदिवासी भागांवर आहे, म्हणून शहरातल्या आपल्या वस्त्यांनी स्वतःहून जाऊन तपासणी मागावी. पण एक डोळा उघडा ठेवा. एवढ्या मोठ्या मोहिमेत आकडा पुढे जातो आणि माणूस मागे राहतो, हे आम्ही तांबीच्या वेळी आतून पाहिले आहे. रक्त द्या, आणि विचारा, की तपासणी कसली, निकाल कोणाच्या हातात देणार, आणि नंतर समजावून कोण सांगणार.

मग सगळीच मायबापगिरी वाईट का? विहारात हाच प्रश्न एका भाऊंनी विचारला आणि तो खरा होता. अपघात झालेला, बेशुद्ध माणूस आणला तर सहीसाठी थांबायचे नसते, जीव वाचवायचा असतो. लहान लेकराला पोलिओचे थेंब त्याला विचारून देत नाहीत. लेकराला मायबाप हवेतच. टीबीच्या बाबतीत आमचे मत पूर्वी वेगळे होते. डॉट्समध्ये रुग्णाने आरोग्यसेविकेसमोर गोळी गिळायची असे ठरवले, ते आम्हाला योग्यच वाटायचे, कारण औषध अर्धवट सोडले तर तो स्वतः मरतो आणि घरातल्यांनाही देतो. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला की समाजाला बोलायचा हक्क येतो. पण रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने सकाळी दहाला केंद्रावर येऊन गोळी गिळायची म्हणजे त्याची मजुरी बुडणार. ज्यांनी शेजारच्या दुकानदाराकडे, बचत गटाच्या ताईकडे गोळ्या ठेवण्याची सोय केली, त्यांचे रुग्ण टिकले. फरक एवढाच होता, की त्यांनी रुग्णाला विचारले होते, तुला केव्हा जमेल.

उलटी लबाडीही हल्ली आली आहे, तिच्यापासून सावध राहा. खासगी दवाखान्यात इंग्रजी बारीक टायपाचे चार कागद पुढे करतात आणि म्हणतात, "तुमचा निर्णय, तुम्हीच ठरवा." काही समजावलेले नसते. हा सन्मान नव्हे, हे अंग काढून घेणे झाले. पोटाचा गोळा कशाचा आहे, हे दहावी नापास माणसाने स्वतःच ठरवायचे का? डॉक्टरांनी सल्ला द्यायलाच हवा, ठामपणे द्यायला हवा. "माझी बहीण असती तर मी हे केले असते" असे म्हणणारा डॉक्टर मायबापगिरी करत नाही. ते सांगून झाल्यावर तो थांबतो का, ते बघायचे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणे बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क त्यात आहे. आणि आपले कागदपत्र मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम २००२ पासूनचा आहे.

घरात डोकावून पाहू या. बापाला कॅन्सर निघाला की मुले डॉक्टरांना दाराबाहेरच गाठतात, "बाबांना सांगू नका, खचतील." बाबा भोळे नसतात. किमोला केस गेले की त्यांना कळते, पण आता तेही मुलांसाठी नाटक करू लागतात. एका भाऊंच्या वडिलांना धाकट्या लेकीच्या नावे घराचा कागद करायचा होता. दिवस किती उरले हे कोणी सांगितले नाही, म्हणून ते पुढच्या दिवाळीवर ढकलत राहिले. ती दिवाळी आली नाही. लेक आज भाड्याच्या खोलीत राहते.

आणि शेवटी आमचीच परीक्षा घेणारी एक गोष्ट. हे तिला विचारून लिहितो आहोत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या गटात येणारी एक मुलगी वाहक आहे. तिने ज्याच्याशी लग्न ठरवले तोही वाहक. दोघांची कार्डे आम्हीच करून दिली होती. लग्नाआधी ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही चारात एकचा हिशेब पुन्हा सांगितला. सिकलसेलचे लेकरू वाढवणे काय असते हे दाखवायला दोन घरीही नेले. ती म्हणाली, "समजलं ताई. पण लग्न त्याच्याशीच करणार." आमचा जीव तळमळला. तिच्या आईला सांगून हे लग्न मोडणे आमच्या हातात होते. वस्तीत आमच्या शब्दाला तेवढे वजन आहे. आमच्यातल्या दोघींचे मत होते, की सांगावेच, पुढे जन्मणाऱ्या लेकराचा काय दोष. रात्री बारापर्यंत वाद झाला. आम्ही सांगितले नाही. बरोबर केले की चूक, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आता ती गरोदर आहे. सहावा आठवडा. गर्भाला आजार आहे का, हे वारेचा बारीक तुकडा काढून साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात तपासता येते. गर्भलिंग पाहण्यावर बंदी आहे, पण नोंदणी असलेल्या केंद्रात या आजारासाठी तपासणी करायला कायद्याची परवानगी आहे. थोडा धोका गर्भाला असतो, तोही आम्ही तिला सांगितला. निकाल वाईट आला तर पुढे काय करता येते आणि काय नाही, हेही सांगितले. सासू म्हणते तपासणी नको, नवरा म्हणतो करू. ती मागच्या सोमवारी येऊन तासभर बसली, सगळे पुन्हा एकदा विचारून घेतले, वहीत तारखा लिहून घेतल्या. जाताना म्हणाली, "ताई, तुमी काय केलं असतं?" आम्ही आमचे मत सांगितले. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वही पिशवीत टाकून निघाली. तिच्याकडे अजून चार आठवडे आहेत.